साडेआठ रुपये

परवा रात्री भाचीचा इंग्लंडहून फोन आला. इकडची-तिकडची ख्यालीखुशाली झाली, मग हळूच म्हणाली, "मामा, पोराचं काही कळेनासं झालंय बघ." मी दचकलोच. म्हटलं तब्येत बरी आहे ना? तर तसं काही नव्हतं. पोरगा शिकून बसलाय, मनासारखी नोकरी नाही, म्हणून एका दुकानात काम करतो. पण तिथं तासांचा नेम नाही. एका आठवड्यात बारा तास, दुसऱ्यात पंचवीस, तिसऱ्यात बोलावणंच नाही. उरलेल्या पोटासाठी तो सरकारचा भत्ता घेतो. सरकार महिन्याचा हिशेब करतं, दुकान पगार देतं चार आठवड्यांनी. वर्षाला तेरा पगार आणि बारा महिने! त्यामुळे वर्षातून एखाद्या महिन्यात दोन पगार पडतात, की सरकारला वाटतं पोरगा श्रीमंत झाला, आणि त्या महिन्याचा भत्ता उडतो किंवा अगदी नावापुरता उरतो.

"मामा, तो लबाडी करत नाही रे. सगळं खरं सांगतो. तरी दर वेळी तोच चुकलाय असं पत्र येतं," भाची म्हणाली.

फोन ठेवला आणि झोप काही येईना. डोळ्यांसमोर येत होती ती आमची आक्का, तिच्या घराची सारवलेली भिंत आणि त्या भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घरात कुणाला ती कधी नीट सांगितलेली नाही. आज लिहून टाकतो. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल. शिक्षकाची खोड आहे, पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय धडा सुरू होत नाही!

*

१९७२ साली मी नुकताच बी.ए. झालो होतो. मराठी माध्यमाचा बी.ए., गावाकडचा, ओळख ना पाळख. नोकरी मिळेना आणि वर आभाळही रुसलेलं. बाहत्तरचा दुष्काळ म्हटलं की अजून आमच्या वयाची माणसं गप्प होतात. अमेरिकेहून आलेला तो लाल मिलो, त्याच्या भाकरी, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी... नव्या पिढीला हे शब्दच माहीत नसतील. सुकडी म्हणजे कामावरच्या मजुरांना देत ते पौष्टिक पीठ. पुष्कळ बाया ती स्वतः खात नसत, पदराला बांधून घरी पोरांना नेत.

अशाच एका कामावर मला हजेरी लिहायची तात्पुरती नोकरी मिळाली. रस्त्यासाठी खडी फोडण्याचं काम होतं. सकाळी टोळ्या उभ्या राहायच्या, मी नावं पुकारायचो, हजेरीपटावर खूण करायचो. आला तर हजेरी, नाही आला तर खाडा. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्यातली चार-पाचशे माझ्या वहीत.

तिथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मला वाटायचं, माणूस एकतर कामावर असतो किंवा नसतो. पण बाया दुपारीच निघून जायच्या. कुणाचं मूल तापलेलं, कुणाला दोन कोसांवरून पाणी आणायचं. कुणी दहा वाजता धापा टाकत यायची. मी विचारायचो, हिची हजेरी लावू की खाडा? वरचे म्हणायचे, काहीतरी एक लिही, मधलं काही नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा. जे सांगितलं ते लिहिलं.

*

याच दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट घडली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. साठच्या दशकात त्यांनी आपल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती राज्याची योजना झाली. पुढे १९७७ चा कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचं काम हवं, त्याला ते देणं ही सरकारची जबाबदारी. मागेल त्याला काम. जगाच्या पाठीवर असा कायदा करणारी सरकारं तेव्हा शोधून सापडली नसती. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला. शहरातला नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी थोडं थोडं द्यायचं आणि तेवढीच भर राज्यानं घालायची. मी तोवर धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक झालो होतो. माझ्याही पगारातून हा कर कापला जायचा. शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ कुरकुर चालायची. मी म्हणायचो, अरे, हा पैसा कुठं जातो ते मी खडीच्या ढिगाऱ्यावर बसून पाहिलंय.

या कायद्यात आणखी एक कलम होतं. कामाची मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर सरकारनं बेकारी भत्ता द्यायचा. दिवसाला कमीत कमी एक रुपया. एक रुपया ही तेव्हाही फार मोठी रक्कम नव्हती, पण त्यातलं तत्त्व मोठं होतं. काम दिलं नाही तर चूक तुझी नाही, माझी आहे, असं सरकार स्वतःच्या सहीनं लिहून देत होतं.

मात्र त्याला एक अट होती. मजुरानं सलग तीस दिवस तरी काम करण्याची तयारी दाखवली पाहिजे. वाचताना अट अगदी रास्त वाटते. रोज नवा माणूस आला तर पाझर तलाव बांधायचा कसा? नवं काम काढायलाही निदान पन्नास मजूर जमावे लागत. कागदावर सगळं बरोबर होतं.

*

आता आक्काची गोष्ट.

मी ज्या गावात होतो त्याचं नाव लिहीत नाही, तालुक्याचंही नाही. तिथली माणसं आणि त्यांची मुलंबाळं आहेत. आक्का शाळेच्या मागच्या बाजूला राहायची. नवरा गेलेला, दोन पोरं, त्यातला धाकटा माझ्या वर्गात. जमीन नाही. तिला शाळा शिकायला मिळाली नव्हती, पण हिशेब पक्का. घरातल्या भिंतीवर ती कोळशानं रेघा ओढायची. पूर्ण दिवस काम झालं तर लांब रेघ, दुपारपर्यंत झालं तर आखूड रेघ, काहीच नाही तर नुसता ठिपका. महिना संपला की सारवून टाकायची आणि नवा महिना सुरू.

आमच्या खानदेशात शेतमजुराचं वर्ष कसं असतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आषाढ-श्रावणात निंदणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, मग ज्वारी, हरभरा, गहू. वेचणीला तर दिवसाची मजुरीच नसते, किलोवर पैसे. हात चालेल तेवढं पोट. त्यानंतर थेट मृगापर्यंत उन्हाळा. या मधल्या काळात काम असतं, नाही असं नाही. पण ते तुकड्यातुकड्यांनी असतं. आज एकाकडे हरभरा उपटायचाय, परवा दुसऱ्याकडे दुपारपर्यंत धान्य पाखडायचंय, मग चार दिवस काहीच नाही. रोज सकाळी आक्का दारावरून जाताना हाक मारायची, "गुरुजी, कुठं काम शे का?" आणि मी मान हलवायचो.

१९८३ च्या फेब्रुवारीत मीच तिला म्हटलं, आक्का, रोजगार हमीला अर्ज कर. पलीकडे शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटनेनं आदिवासी मजुरांना संघटित केलं होतं. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. तिथं लोक मोर्चानं जाऊन काम मागत, हे आमच्या कानावर यायचं. आमच्या गावात संघटना वगैरे काही नव्हती. होता तो एक मास्तर आणि त्याचं शाईचं पेन.

आजूबाजूच्या वस्त्यांवरची मिळून पन्नासच्या वर माणसं जमली. कुणी अंगठा दिला, कुणी वेडीवाकडी सही केली. त्यातल्या काही सह्या माझ्याच रात्रीच्या वर्गातल्या होत्या, म्हणून मला भारी आनंद झाला. ७ फेब्रुवारीला मागणी तालुक्याला गेली. मी हट्ट धरून तारखेची पोच घेतली. मंडळी, सरकारी कामात सगळा जीव त्या तारखेच्या कागदात असतो.

पंधरा दिवस म्हणजे २२ तारीख. काम आलं नाही. ते आलं ४ मार्चला, सात किलोमीटरवर नाल्याच्या बांधाचं. म्हणजे २३ फेब्रुवारी ते ३ मार्च, नऊ दिवसांचा भत्ता देणं लागत होतं. नऊ रुपये.

बाकीच्यांनी तो विषय सोडून दिला. काम मिळालं ना, मग कशाला कागद नाचवायचे? पण मला वाटलं, हक्क आहे तर मागायलाच हवा. आक्काचा अर्ज मी लिहायला घेतला. तिला विचारलं, या काळात कुठं कामाला गेली होतीस का? ती मला घरात घेऊन गेली आणि भिंत दाखवली. १४ आणि १५ फेब्रुवारीला दोन लांब रेघा, हरभरा उपटला होता. आणि २६ फेब्रुवारीला एक आखूड रेघ. दुपारपर्यंत कुणाचं तरी खळं साफ केलं होतं.

मी शाळामास्तर. मुलांना रोज खरं बोलावं शिकवणारा. मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. दोन दिवस वाट पाहण्याच्या मुदतीतले, त्यांचा भत्त्याशी संबंध नाही. २६ तारखेचा अर्धा दिवस वजा करून अर्जदार साडेआठ रुपये मागत आहे. अर्ज इतका सुवाच्य झाला की मीच दोनदा वाचला.

तालुक्याला गेलो तेव्हा टेबलामागचा माणूस साडेआठ हा आकडा बघून हसला. वाईट माणूस नव्हता हो तो. मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "गुरुजी, अर्धा दिवस बेकार असतो का कुणी? एकतर माणूस बेकार, नाहीतर कामावर." मग अर्जावर बोट ठेवून म्हणाला, "आणि हे बघा, तुम्हीच लिहून दिलंय. बाईनं तीस दिवस सलग काम करीन असं कबूल केलं आणि सातव्या दिवशी हरभरा उपटायला गेली. म्हणजे तिला काम होतं. म्हणजे ती आमच्या कामाला तयार नव्हती."

मी म्हटलं, "अहो, पण तुमचं काम आलंच नव्हतं."

तो म्हणाला, "आलं असतं तर?"

यावर काय बोलणार? मी अर्ज घेऊन परत आलो.

आक्का ओट्यावर बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मी म्हटलं, पंधरा दिवस तू कुठंच गेली नसतीस तर मिळाले असते. ती म्हणाली, "पोटले सुट्टी नही ऱ्हास, गुरुजी." थोड्या वेळानं विचारलं, "आनि तुम्ही ते लिखं नसतं तर?"

तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसतं विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे कितीतरी दिवस ती भेटली की थट्टेनं म्हणायची, "मन्हा साडेआठ रुपया?" मीही हसायचो. पण आतून लाज वाटायची. त्या महिन्याच्या माझ्या पगारपत्रकात व्यवसाय कर कापलेला होता. तिच्यासाठीच कापलेला पैसा, आणि तो तिच्यापर्यंत पोचू नये अशी सोय माझ्याच अक्षरात झाली होती.

*

ही गोष्ट इथंच संपली असती. पण काही वर्षांनी एका लग्नात माझे काका भेटले. ते गिरणी कामगार. तेव्हाच्या खानदेशात गिरण्या होत्या, जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. भोंगा झाला की अख्खं गाव जागं व्हायचं. काका सुरुवातीला बरीच वर्षं 'बदली' होते. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं. नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी. पुढे ते कायम झाले.

त्यांना मी आक्काची गोष्ट सांगितली. अर्ध्या दिवसाचा किस्सा ऐकून ते म्हणाले, "अर्धा दिवस नसतो असं कोण म्हणतं? आम्हाला अर्ध्या दिवसाचा ले-ऑफ मिळायचा की!"

मी चकित झालो. मग जळगावला एका वकील मित्राकडे जाऊन औद्योगिक विवाद कायद्याचं पुस्तक बघितलं. खरंच होतं. कायदा १९४७ चा, त्यात १९५३ साली भर घातलेली. काम नसल्यामुळे ज्या कामगाराला घरी बसवलं जाई, त्याला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यायची. कामगार वेळेवर हजर झाला आणि दोन तासांत काम दिलं नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ धरायचा. आणि त्याला पाळीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात यायला सांगून काम दिलं, तर ले-ऑफ अर्ध्या दिवसाचा! आक्काच्या भिंतीवरची आखूड रेघ तीस वर्षं आधीच कायद्याच्या पुस्तकात होती. फक्त ती हजेरीपटावर नाव असलेल्या कामगारासाठी होती.

कारण त्याच कायद्यात पुढे हेही लिहिलेलं होतं, की ही भरपाई बदली कामगाराला नाही. सलग एक वर्षाची नोकरी भरली तरच तो बदली उरत नाही, आणि वर्ष भरलं कधी म्हणायचं तर बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं तर. आता ज्याला रोज सकाळी फाटकावर काम मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याचे २४० दिवस कसे भरणार? ज्याला कमी दिवस काम मिळतं त्यालाच भरपाईची गरज जास्त, आणि कमी दिवस काम मिळालं म्हणूनच त्याला ती नाही. काका म्हणाले, "आम्ही दिवस मोजायचो ना, ते पगारासाठी नाही रे. २४० साठी."

*

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच असं. मीही तसंच समजत होतो. पण इंग्लंडचा थोडा इतिहास वाचला तेव्हा दिसलं की तिथंही हाच घोळ शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

इंग्लंडनं १९११ साली कायद्यानं बेकारी विमा सुरू केला, आधी काही ठरावीक धंद्यांपुरता, मग हळूहळू वाढवत नेला. बंदरावरचे हमाल त्यात आले तेव्हा प्रश्न उभा राहिला. बंदराचं काम जहाजावर अवलंबून. जहाज आलं तर काम, नाहीतर नाही. आमच्या बदलीसारखेच तेही रोज सकाळी उभे राहायचे. आठवड्यात दोन-तीन दिवस काम, बाकी रिकामे. सलग बेकार असा माणूस त्यांच्यात सापडायचाच नाही. तेव्हा १९२० च्या दशकातल्या नियमांनी यावर तोड काढली. सलग सहा दिवसांच्या मुदतीत कुठलेही तीन दिवस काम नसेल, तर ती सलग बेकारी मानायची. मधले दिवस तुटलेले असले तरी चालतील. हमालांनी त्याची म्हणच करून टाकली. तीन दिवस हातात माल ओढायचा आकडा, तीन दिवस भत्त्याची वही.

पुष्कळांनी नाकं मुरडली, हे ऐतखाऊ झाले म्हणून. पण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कायदा करणाऱ्यांनी ठरवलं तर तुटके दिवस मोजता येतात. त्यात अवघड गणित काही नाही. आक्का ते कोळशानं करत होती.

*

पुढे २००५ साली केंद्रानं राष्ट्रीय रोजगार हमी कायदा केला. आपल्या महाराष्ट्राचंच बी देशभर पेरलं गेलं. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला, त्यात आपले धुळे आणि नंदुरबार होते. जळगाव त्या पहिल्या यादीत नव्हता. २००८ च्या एप्रिलपासून तो सगळ्या ग्रामीण भारतात पोचला. वर्षाला कुटुंबामागे शंभर दिवस कामाची हमी.

मी तोवर निवृत्तीच्या दाराशी आलो होतो. कायद्याची मराठी पुस्तिका हाती पडली तेव्हा पहिल्यांदा बेकारी भत्त्याचं पान उघडलं. एक रुपया जाऊन आता मजुरीच्या प्रमाणात भत्ता होता. पहिले तीस दिवस निदान पाव मजुरी, त्यानंतर निदान निम्मी. पुढे २०२५-२६ साली महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे त्याची पाव ७८ रुपये होते. आणि भत्ता कधी थांबेल याचीही यादी होती. कामावर यायला सांगितलं तर. ज्या मुदतीसाठी काम मागितलं ती संपली तर. शंभर दिवस भरले तर. मजुरी आणि भत्ता मिळून शंभर दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम झाली तर. ही यादी मी तीनदा वाचली. शेजारच्या शेतात दोन दिवस हरभरा उपटला तर, असं त्यात नव्हतं. मला बरं वाटलं. आक्का तोवर गेली होती.

पण पुढचं कलम वाचलं आणि पुन्हा अडलो. मागणी करायची ती निदान चौदा दिवस सलग कामाची. आणि काम मिळाल्यावर परवानगीशिवाय सलग एका आठवड्याहून जास्त, किंवा एका महिन्यात मिळून एका आठवड्याहून जास्त खाडे झाले, तर तीन महिने भत्ता बंद. आता विचार करा. सरकारी कामाची मजुरी हातात पडायला वेळ लागतो. शेतकरी संध्याकाळी रोख देतो. मध्येच कुणाकडे वेचणी निघाली तर बाई कुठं जाईल? शेतातच जाईल. तिथं आठ दिवस गेली की इकडचं दार तीन महिन्यांसाठी बंद.

शिवाय आणखी एक गोम होती. अकुशल कामाची मजुरी केंद्रानं द्यायची, भत्ता मात्र राज्यानं आपल्या खिशातून. राज्यांनी काम काढावं म्हणून केलेली ही योजना होती. पण माणसाचा स्वभाव बघा. जिथं भत्ता द्यायची पाळी येईल असं वाटे, तिथं मागणीची तारखेची पोच देण्याचंच टाळलं जाई. पोच नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? त्यामुळे जुन्या कायद्यात काय आणि नव्या कायद्यात काय, बेकारी भत्ता हातात पडलेला मजूर फारच विरळा.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. शंभराचे १२५ दिवस झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यात पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाकाठी मिळून ६० दिवस ही कामं बंद ठेवायची तरतूद आहे, शेतीला मजूर मिळावेत म्हणून. शेतकऱ्याची अडचण मला कळते, माझे सख्खे चुलतभाऊ शेती करतात आणि वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून रडतात. पण हंगामात सगळ्यांना रोज काम असतं हे गृहीत धरलं की मला ती भिंत आठवते. हंगामातही तिच्यावर ठिपके असायचे. पाऊस लागून राहिला तर निंदणी बंद, पाऊस नसला तर निंदायला गवतच नाही.

*

इतकं सगळं लिहून झाल्यावर वाटतं, त्या टेबलामागच्या माणसावर राग धरण्यात अर्थ नव्हता. तो म्हणाला, एकतर बेकार नाहीतर कामावर. मीही दहा वर्षं आधी खडीच्या ढिगाऱ्यावर तेच करत होतो. मलाही वरून सांगितलं होतं, मधलं काही नाही. आणि मी बायांच्या नावापुढे खाडे मारत गेलो. त्यातल्या कितीजणी दुपारपर्यंत राबून गेल्या होत्या, देव जाणे.

आमच्या गावातली निम्मी माणसं त्या मधल्या जागेत जगत होती. पूर्ण कामावर नाहीत आणि पूर्ण रिकामीही नाहीत. हक्क मागायचा तर त्यांनी आधी रिकामं बसून दाखवायचं. पण रिकामं बसणं परवडतं कुणाला? ज्याच्या घरात पंधरा दिवसांचं धान्य आहे त्याला. मग त्याला भत्ता कशाला हवा?

आणि आक्काच्या त्या प्रश्नाचं काय, की तुम्ही ते लिहिलं नसतं तर? चाळीस वर्षं मी स्वतःला विचारतोय. खोटं लिहायला हवं होतं का? नाही, तसं अजूनही वाटत नाही. पण माझी चूक दुसरीच होती. मी अर्ज घेऊन परत आलो, ती चूक. त्या माणसानं 'आलं असतं तर?' विचारलं आणि मी गप्प बसलो. कागदावर लेखी नकार मागितला नाही, वरच्या साहेबाकडे गेलो नाही, बाकीच्या पन्नास जणांना बरोबर नेलं नाही. खरं लिहून दिलं आणि खऱ्याच्या मागे उभं राहिलो नाही. शहाद्याकडच्या मजुरांना जे कळलं होतं ते बी.ए. झालेल्या मास्तरला कळलं नव्हतं, की असे कागद एकट्यानं न्यायचे नसतात.

भाचीला उद्या फोन करणार आहे. तिकडचे नियम मला काय ठाऊक? पण तीन गोष्टी सांगणार आहे. पोराला म्हणावं, रोजचे तास त्याच दिवशी वहीत लिही, अर्धा तास असला तरी लिही, पगार कोणत्या तारखेला पडला तेही लिही. नकार आला तर लेखी माग आणि मुदतीच्या आत पुन्हा विचार. आणि जिथं अशा कामात मदत करणारी माणसं बसतात तिथं कुणाला तरी बरोबर घेऊन जा, एकटा जाऊ नकोस. पत्रात तू चुकलास असं लिहिलेलं असलं तरी तू चुकलाच असशील असं नाही, हेही सांगणार आहे. हे कुणीतरी आक्काला सांगायला हवं होतं.

आक्काचा धाकटा, माझा विद्यार्थी, आता त्याची मुलं कॉलेजात आहेत. मागे भेटला तेव्हा पक्कं घर बांधलंय म्हणाला. मी विचारलं, ती जुनी भिंत? म्हणाला, "पाडली ना गुरुजी." अर्थात. मीही काय विचारतो!

असो. फारच लांबलं. आपल्या घरात कुणी बाहत्तरच्या कामावर, रोजगार हमीवर किंवा गिरणीत बदली म्हणून राबलं असेल, तर त्यांना एकदा विचारा, तुम्ही दिवस कसे मोजत होता? आणि ते सांगतील ते कुठंतरी लिहून ठेवा.